सातवी तार

आमच्या गावी नवे पाळकसाहेब आले ते दुष्काळाच्या सालात, नाताळ होऊन गेल्यावर. एस.टी.च्या टपावरून आधी त्यांची पुस्तकांची ट्रंक उतरली, मग दारातून ते उतरले. ट्रंक उचलायला दोघं लागले. पाळकसाहेबांना एखाद्यानं एका हातानं उचललं असतं, इतके ते किडकिडीत होते. वय माझ्याएवढंच, पंचविशीच्या आसपास. लग्न व्हायचं होतं. धर्मशास्त्राच्या कॉलेजातून नुकतेच बाहेर पडलेले, आणि पाळक म्हणून मिळालेलं हे त्यांचं पहिलंच गाव.

गाव ढोकीच्या साखर कारखान्यापासून सायकलच्या अंतरावर. ख्रिस्ती घरं मोजकीच, पण चर्च होतं, दगडी भिंतींचं आणि पत्र्याच्या छपराचं. माझे यजमान कारखान्यात फिटर होते. मी गावच्या शाळेत शिक्षिका, आणि रविवारच्या उपासनेत पेटी वाजवायची ती मीच. ढोलकी माझे सासरे वाजवायचे. त्यांना मी मामा म्हणायचे, आणि माझं ऐकून सगळं गावच त्यांना मामा म्हणायला लागलं होतं. कारखान्यावरची वॉचमनची नोकरी संपल्यावर मामांना जगात ढोलकीशिवाय दुसरं काम उरलं नव्हतं. ते सकाळी ढोलकी उन्हात ठेवायचे, दुपारी सावलीत आणायचे, संध्याकाळी तिच्या दोऱ्या आवळायचे. सासूबाई म्हणायच्या, "पोरांची इतकी काळजी केली असती तर एखादा कलेक्टर झाला असता."

पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी उपदेशाला बायबलातलं शेवटचं स्तोत्र घेतलं. त्या स्तोत्रात कर्णा, सतार, वीणा, डफ, झांजा अशी वाद्यांची रांगच लागलेली आहे. मामांचं ते सगळ्यात आवडतं. ते सतरंजीवर दोन वीत पुढे सरकून बसले.

"तुम्हाला वाटतं इथं वाद्यांबद्दल लिहिलंय," पाळकसाहेब म्हणाले. "नाही. मंडळीच्या अगदी पहिल्या काळात मोठमोठे आचार्य होऊन गेले. कोणी मिसर देशात, कोणी आफ्रिकेत, कोणी सिरियात. त्यांनी ह्या वाद्यांचा खरा अर्थ सांगितलाय. डफ म्हणजे काय? कातडं. कातडं ओलं असलं तर डफ वाजेल का?"

"न्हाय वाजत," मामा मोठ्यानं म्हणाले. उपदेशात मधे बोलायचं नसतं, पण प्रश्न त्यांच्या धंद्याचा होता.

"बरोबर. कातडं वाळायला लागतं. तसा उपासानं, संयमानं ज्याचा देह वाळला, तो माणूस म्हणजे देवाचा डफ."

बायकांच्या बाजूला आत्याबाई बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या विधवा बाई, तोंडात दात नाही, जिभेला लगाम नाही. त्या शेजारणीला म्हणाल्या, पण ऐकू सगळ्यांना आलं, "म्हंजे औंदा समदं गावच डफ झालंय म्हना की."

पत्र्याखाली हशा पिकला. पाळकसाहेब थांबले, घाम पुसला आणि पुढं गेले. एका वाद्याचा पोकळ भाग वरच्या अंगाला असतो, त्याचा नाद वरून येतो. ती स्वर्गातून येणारी कृपा. दुसऱ्याचा खालच्या अंगाला असतो. ते ह्या देहानं सोसलेलं दुःख. मामांनी तुणतुणं ह्यातल्या कशात बसतं असं विचारलं. पाळकसाहेबांना तुणतुणं ठाऊक नव्हतं. मग त्यांनी कर्ण्याचा अर्थ सांगितला. "कर्णा धातूचा असतो. हातोडीचे घाव खाऊन खाऊन तो धातू लांब होतो आणि मग त्यातून आवाज निघतो. घाव सोसूनही जो देवाची स्तुती करतो, तो कर्णा."

ह्याला मात्र कोणी हसलं नाही. समोर बसलेल्यांपैकी निम्मी माणसं आठवडाभर दुष्काळी कामावर खडी फोडून आली होती. बायकांच्या हातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. मला आठवतं, एका बाईनं आपले हात उलटेपालटे करून पाहिले आणि पदराखाली घेतले. त्या क्षणी मला वाटलं, पोरगा पुस्तकातलं बोलतोय, पण बोलतोय ते खोटं नाही.

आणि तेवढ्यातच त्यांनी सगळा घोळ घातला. म्हणाले, "म्हणून ते आचार्य उपासनेत खरी वाद्यं येऊच देत नसत. माणूस हेच वाद्य. पुढच्या रविवारपासून आपणही तसंच करू. पेटी नको, ढोलकी नको."

मामा घरी आले. ढोलकीला त्यांनी धोतरात गुंडाळलं आणि फळीवर ठेवलं. जेवायला बसल्यावर मिलोच्या, रेशनवरच्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरीकडे बघत म्हणाले, "पाऊस गेला, बैल गेले. आता ढोलकी गेली."

पुढच्या रविवारी बिनवाद्यांचं गायन झालं. सुरुवात कोणी करायची हेच ठरलं नव्हतं, त्यामुळे तिघांनी केली, तीन पट्ट्यांत. सोसायटीचे सेक्रेटरी मंडळीच्या पंचांपैकी होते. ते इतक्या वर लागले की दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाजच फुटला. खाली आत्याबाई जात्यावरच्या लयीत आपलं वेगळंच चालवत होत्या. आणि ह्या सगळ्यांच्या मधून पाळकसाहेबांचा आवाज सरळ, ठाम, न डगमगता जात होता, आणि कुठल्याच सुराला शिवत नव्हता. माझ्या मांडीवर पेटी नव्हती तरी बोटं आपोआप हलत होती, पडणाऱ्याला धरायला हात पुढे होतो तशी.

उपासना सुटल्यावर मामा पुढं झाले. "साहेब, एक विचारू का? माणूस हेच वाद्य, असं म्हनला तुमी."

"अगदी तसंच म्हणतात आचार्य. जीभ ही वीणा आणि सबंध शरीर हे वाद्य."

"मंग शरीर वाजवलं तर चालतंय?"

पाळकसाहेबांचा चेहरा फुलला. एवढ्या गहन गोष्टीत कोणीतरी रस घेतला होता. "चालतं काय मामा, तेच तर वाजवायचं!"

त्यानंतरच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये जे झालं ते पहिल्या शतकांतल्या कुठल्याही आचार्यानं पाहिलं नसेल. मामांनी मांडीवर ठेका धरला. बाकीच्यांनी टाळ्या, चुटक्या, छात्या, जे हाताला लागेल ते वाजवायला घेतलं. एकानं गाल फुगवून त्यावर बोटांनी घुमका काढला. दुसऱ्या गाण्याला मामांची मांडी लाल झाली असावी, कारण त्यांनी पुढं बसलेल्या सेक्रेटरींची पाठ धरली. सेक्रेटरी अंगानं भरलेले. त्या सालात तेवढं भरलेलं शरीर गावात दुसरं नव्हतं.

"आरं आरं, काय करताय?" सेक्रेटरी मागं वळून म्हणाले.

"गप बसा. खर्ज चांगला निघतोय," मामा म्हणाले.

इथं सांगायला हवं की मामा आणि सेक्रेटरी ह्यांचं दसऱ्यापासून बोलणं बंद होतं. कारण होतं एक लोखंडी पिंप. गावात पाण्याचा टँकर यायचा तो सेक्रेटरींच्या घरासमोर थांबायचा, आणि सेक्रेटरींनी आपलं पिंप बरोबर तिथंच मांडून ठेवलेलं. टँकरची नळी सुटली की पहिली धार त्यात. मामांनी ते पिंप एका पहाटे उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं होतं. त्यामुळे पाठीवरचा तो ठेका भक्तीचा होता की पिंपाचा, हे मला आजही सांगता यायचं नाही.

भांडणाची गोष्ट पाळकसाहेबांच्या कानावर गेली. पिंप वगैरे तपशील त्यांना कोणी सांगितला नाही, नुसतं दोघांचं जमत नाही एवढंच कळलं. पुढच्या उपासनेत त्यांनी दोघांना समोर उभं केलं.

"झांजांचा अर्थ सांगतो," ते म्हणाले. "एक झांज एकटी वाजत नाही. दुसरी लागते. झांजा म्हणजे दोन शेजारी, एकमेकांचं मनापासून चांगलं बोलणारे. मामा, सेक्रेटरीसाहेबांबद्दल चांगलं बोला. मग ते तुमच्याबद्दल बोलतील. हीच झांज."

मामांनी बराच वेळ छपराकडे पाहिलं. "सेक्रेटरी लई हुशार मानूस हाय," ते म्हणाले.

"छान! आता तुम्ही."

"मामांची ताकद बघन्यासारखी हाय," सेक्रेटरी म्हणाले. "ह्या वयात बी आख्खं पिंप उचलून गावाच्या त्या टोकाला नेत्यात."

"वा! मामा?"

"सेक्रेटरीला परमेश्वरानं लांबची नजर दिलीया. टँकर फाट्यावर असतो तवाच ह्यांच्या पिंपाला दिसतो."

"आणखी, आणखी!" पाळकसाहेब आनंदानं म्हणाले. मंडळी तोंडात पदर आणि उपरणी कोंबून हलत होती. पाळकसाहेबांना वाटलं, सगळ्यांना गहिवरून आलंय.

सेक्रेटरींच्या तोंडावर पुढचा टोला तयार दिसत होता. त्यांनी तोंड उघडलं, आणि का कोण जाणे, वेगळंच बोलले. "आमची आई गेली तवा खडकात खड्डा खनायला कोन येईना. टिकाव उडायचा नुसता. ह्येच आले व्हते. दिवसभर खनत व्हते." ते थांबले. "ते मात्र खरं हाय."

मामांना कुठं बघावं कळेना. शेवटी म्हणाले, "जमीन लई कठीन व्हती तितली." आणि जाऊन जागेवर बसले. त्या दिवशी त्यांनी सेक्रेटरींच्या पाठीला हात लावला नाही. पिंप मात्र संध्याकाळी सेक्रेटरींच्या घरासमोर होतं तिथंच होतं.

ह्या झांजांनी पाळकसाहेबांना भलताच हुरूप आला. होळीच्या सुमाराला आमचा सुगीचा सण असायचा. दर वर्षी माणसं ज्वारीची कणसं, हरभरा, करडई, कोंबड्या आणून देवापुढं ठेवायची. त्या वर्षी कुणाच्या रानात काही उगवलंच नव्हतं. पंच म्हणाले, औंदा सण राहू द्या. पाळकसाहेब म्हणाले, नाही, पीक नसलं तर आपण स्वतःला अर्पण करू. आणि त्यांनी दहा तारांच्या वाद्याची कल्पना काढली.

जुन्या आचार्यांच्या मते स्तोत्रांतलं दहा तारांचं वाद्य म्हणजे बायबलातल्या देवाच्या दहा आज्ञा. तेव्हा दहा माणसं ओळीनं उभी राहतील, प्रत्येकानं एक आज्ञा घ्यायची, आणि प्रत्येकानं एकेक सूर लावायचा. मी समोर उभी राहून शाळेतली छडी ज्याच्याकडे रोखीन त्यानं गायचं. म्हणजे सगळी मंडळी मिळून एक वाद्य होणार, आणि ते मी वाजवणार. सूर शिकवायला घरी पेटी काढली तर चालेल, अशी त्यांनी मला सवलत दिली. खरं सांगते, मला कल्पना आवडली. अडचण आली ती आज्ञांच्या वाटपात.

पहिल्या तीन आज्ञा देवाबद्दलच्या. त्या पाळकसाहेबांनी वयस्कर माणसांना देऊन टाकल्या. चौथी, विसाव्याचा वार पाळण्याची. ती कारखान्यातल्या एकाला दिली, तर तो म्हणाला, "साहेब, शिफ्ट रविवारची आली तर तार तुटंल की." ती एका बाईंनी घेतली. आईबापांना मान देण्याची पाचवी सगळ्यांनाच हवी होती. माझ्या यजमानांनी ती मागितली. मामांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की इतरांनी आपले हात खाली घेतले. सहावी, खून करू नये ही, नाताळात सगळ्यांच्या कोंबड्या कापून देणाऱ्या गृहस्थांकडे आली. त्यांनी फक्त विचारलं, "कोंबड्या धरायच्या न्हाईत न्हवं ह्यात?"

सातवीपाशी गाडी अडली. व्यभिचार करू नये.

पुरुष पत्र्याची भोकं मोजायला लागले. बायका आपापल्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. "ही आज्ञा म्हणजे पावित्र्याची तार आहे," पाळकसाहेब म्हणाले, "कोणीतरी पुढं यावं." एक भला माणूस उठायला लागला, तर त्याच्या बायकोनं बायकांच्या बाजूनं येऊन त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवला. "तुमीच का बरं? एवढ्या लोकांत तुमालाच का सुचलं?"

"आपण आठवीकडे जाऊ," पाळकसाहेब घाईनं म्हणाले. "चोरी करू नये."

सगळ्या माना एकदम सेक्रेटरींकडे वळल्या. कोणी काही म्हणालं नाही, तरी ते भडकले. "माझ्याकडं काय बघताय? म्या सोसायटीचं दुकान चालवतो. मिलो म्या वाटतो, साखर म्या वाटतो. म्याच उभं राहून चोरी करू नका म्हनलं तर लोक म्हनतील, आज ह्याला काय झालं?"

"घे की रं बाबा," आत्याबाई म्हणाल्या. "आता न्हाय म्हनलास तर जास्त बोलतील."

सेक्रेटरींनी आठवी घेतली. नववी, खोटी साक्ष न देण्याची, तालुक्याच्या कोर्टात जाऊन-येऊन असणाऱ्या एका शेतकऱ्यानं घेतली. दहावी मामांना आली. शेजाऱ्याचं घर, बैल, गाढव, कशाचाही लोभ धरू नये.

"ही सोपी हाय," मामा म्हणाले. "औंदा बैल कुनाच्या दावनीला राहिलाय? लोभ धरायचा म्हनलं तरी कशाचा धरायचा?" माणसं हसली, आणि हसता हसता गप्प झाली. मग मामांनी विचारलं, "साहेब, पिंपाचं नाव न्हाय नव्हं त्यात?"

"शेजाऱ्याची कोणतीही वस्तू, असं आहे."

"मंग आलंच," मामा म्हणाले.

राहिली सातवी. शेवटी आत्याबाई काठी टेकत उठल्या. "द्या ती मला. माझ्यावर कोन संशय घेनार हाय? आन् कुनी घेतलाच, तर मला बरंच वाटंल."

मग रोज संध्याकाळी आमच्या घरी ओळीनं तारा लावायचं काम चाललं. मी पेटीवर सूर धरायचे, आणि तो समोरच्याच्या गळ्यात उतरेपर्यंत सोडायचे नाही. सेक्रेटरींना वर वर जायची खोड होती, त्यांना खाली ओढायला वेळ लागला. मामा सुरात पक्के होते, पण एक सूर लावून गप्प उभं राहणं त्यांना जमेना, ते तोच सूर तीनदा घेऊन तिहाई करायचे. सगळ्यांत चटकन शिकल्या आत्याबाई. त्यांना एकदा सूर दाखवला आणि तो त्यांनी दात नसलेल्या तोंडात असा घट्ट धरला, की मला पेटीचा भाता थांबवून ऐकत राहावंसं वाटायचं. पाळकसाहेब कोपऱ्यात बसून ऐकायचे. तार चुकली तरी त्यांना कळायचं नाही. सगळ्यांच्या माना हलल्या की तेही हलवायचे.

सणाच्या दिवशी सोलापूरहून एक म्हातारे निवृत्त पाळक पाहुणे म्हणून आले. त्यांना ऐकायला बरंच कमी यायचं. देवापुढच्या टेबलावर मिलोची पिशवी, दुष्काळी कामावर मिळालेल्या सुकडीची ताटली, कुठून तरी मिळालेली चार कणसं आणि फडक्यानं झाकलेली पाण्याची कळशी होती. प्रार्थनेच्या वेळीही लोकांचे डोळे त्या कळशीवर होते.

दहाही तारा उभ्या राहिल्या. मी छडी उचलली. पहिलं कडवं सुरू झालं आणि खरंच सांगते, माझ्या अंगावर काटा आला. एकेकटे ते दहा आवाज म्हणजे काही नव्हते, पण छडी फिरायला लागल्यावर गाणं ह्या माणसाकडून त्या माणसाकडे असं जात राहिलं, की जणू एकच कुणीतरी गातंय. पाहुण्यांनी कानामागे हात धरला होता आणि ते डोळे मिटून बसले होते.

दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर फाट्याकडून हॉर्न वाजला. टँकर.

तो त्या दिवशी यायचा नव्हता. चार दिवस आला नव्हता, म्हणून सगळे धरून चालले होते की सण झाल्यावरच येईल. आठवी तार दहावीकडे बघायला लागली, दहावी आठवीकडे. मग सेक्रेटरी पाय न वाजवता एक पाऊल मागं सरकले.

"बघा, सरकला," मामा म्हणाले, आणि तेही सुटले. त्यांच्या मागं पाचवी, सहावी, नववी. "साहेब, कर्णा वाजला!" कोणीतरी दारातून ओरडलं, आणि मग सतरंजीवरची मंडळीही उठली. बायकांनी चपलासुद्धा शोधल्या नाहीत. पाळकसाहेब "आमेन" म्हणायला हात वर करेपर्यंत चर्च रिकामं झालं होतं.

उरले चौघं. डोळे मिटलेले पाहुणे, हात वर केलेले पाळकसाहेब, छडी घेतलेली मी, आणि समोर आत्याबाई. त्यांना पळता येत नव्हतं. माझी छडी त्यांच्याकडेच राहिली होती, त्यामुळे त्या गात होत्या. एकच सूर. दम संपला की श्वास घेऊन पुन्हा तोच.

पाहुण्यांनी डोळे उघडले, इकडं तिकडं पाहिलं. "बाकीच्या तारा?"

"पाणी आलं, साहेब," पाळकसाहेब म्हणाले.

"ही कोणती राहिली?"

"सातवी."

"काय?"

"सातवी आज्ञा, साहेब."

"ऐकू येत नाही. कोणती?"

पाळकसाहेबांनी छाती भरून घेतली आणि जीव खाऊन ओरडले, "व्यभिचार!"

नेमकं तेव्हा बाहेर टँकरवाल्यानं नळी लावायला इंजिन बंद केलं होतं. तो एक शब्द पत्र्यावर आपटून सबंध गावात गेला. मग पायांचा आवाज. घागरी, कळश्या, हंडे काखेत घेऊन आख्खी मंडळी दारात दाटली, आणि त्यांच्या मागं गावातली बाकीची माणसंही. टँकरवाला सगळ्यांत पुढं होता.

"कोन? कोन सापडलं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"म्या!" आत्याबाई म्हणाल्या.

त्यानंतर जे हसू उसळलं ते आवरायला फार वेळ लागला. पाळकसाहेब आधी कानापर्यंत लाल झाले, मग खांबाला टेकून बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. आलेच होते म्हणून लोक थांबले. तारा पुन्हा ओळीत उभ्या राहिल्या, पण हातात रिकामी भांडी घेऊन. मी पुन्हा छडी उचलली. ह्या खेपेला मामांना राहवलं नाही, त्यांनी काखेतल्या घागरीवर ठेका धरला. मी पाळकसाहेबांकडे पाहिलं. त्यांनी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. गाणं संपलं तेव्हा टँकरवाला टाळ्या वाजवत होता. पाणी सोडताना त्यानं पहिली धार आत्याबाईंच्या कळशीत धरली. सेक्रेटरींचं पिंप दुसरं.

पाहुणे जेवायला आमच्याकडे होते. पिठलं-भाकरी खाता खाता पाळकसाहेबांनी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "साहेब, आचार्य वाद्यं बाहेर ठेवत होते ना? मी चुकलो का?"

"ठेवत होते," म्हातारे म्हणाले. "त्यांच्या शहरांत वाद्यं वाजायची ती नाटकशाळेत आणि दारूच्या मेजवान्यांत. वाद्य ऐकलं की लोकांना तेच आठवायचं. ती त्यांची अडचण होती. म्हणून त्यांनी वाद्यं बाहेर ठेवली आणि अर्थ आत घेतला. तुमची अडचण काय आहे?"

पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग हळू आवाजात बोलले, इतक्या हळू की पाहुण्यांना ऐकू गेलं नसावं, पण आम्हाला गेलं. "मला सूर कळत नाही. कॉलेजात गायनाच्या वेळी मला नुसते ओठ हलवायला सांगायचे. ही पुस्तकं वाचली तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की संगीतातलं मलाही काही कळतं. मी ते सगळ्यांना द्यायला निघालो."

इतके दिवस मला त्यांचा राग होता, पेटी बंद केली म्हणून. तो कुठं गेला ते कळलं नाही.

मामांनी पाण्याचा घोट घेतला. "त्यात काय येवढं? सूर न्हाय तर ठेका असंल. उद्यापास्नं या घरी."

ते आले. पाहुणे येऊन गेल्यावर पुढच्याच रविवारी पेटी माझ्या मांडीवर आणि ढोलकी मामांच्या मांडीवर परत आली, आणि रोज संध्याकाळी पाळकसाहेब आमच्या ओट्यावर असायचे. मामा शिकवताना फार कडक होते. "डफ म्हंजे वाळलेला देह ते बरोबर हाय, साहेब, पर बोटं वाळवू नका. सोडा, मोकळी सोडा." पाळकसाहेबांचा गळा शेवटपर्यंत सुधारला नाही, पण हाताला लय होती. महिन्याभरात ते साधा ठेका न चुकता धरायला लागले. आपल्याला काही येतंय हे कळल्यावर त्यांच्या तोंडावर जो आनंद दिसला, तो मी शाळेत पहिलीच्या पोरांच्या तोंडावर पाहिलेला आहे, वाचता आल्याच्या दिवशी.

आत्याबाईंना त्या दिवसापासून गावानं सातवी म्हणायला सुरुवात केली. त्यांना ते फार आवडायचं. शेजारच्या गावची सोयरी आली की त्या स्वतःच ओळख करून द्यायच्या, आणि मग समोरचीला सगळी गोष्ट ऐकावी लागायची.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. पाळकसाहेबांनी अर्थ सांगणं काही सोडलं नाही. उलट आता गावालाच त्याची गोडी लागली होती. कोणी मोटेचा दोर घेऊन यायचं, कोणी उसाच्या चरकातली रुळासारखी लाट दाखवायचं, "साहेब, ह्याचा अर्थ काय असंल?" पाळकसाहेब विचार करून काहीतरी सांगायचे आणि ऐकणाऱ्याला ते पटायचं.

पुढे एका चांगल्या सालात सोसायटीनं ट्रॅक्टर आणला. हार घातलेला, लालभडक, चर्चसमोर उभा. सेक्रेटरींनी पाळकसाहेबांना हाताला धरून आणलं, सगळे भोवती जमले. पाळकसाहेबांनी ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, चाकाला हात लावला, धुराड्याकडे वर पाहिलं.

"काय अर्थ, साहेब?" मामांनी विचारलं.

"काही अर्थ नाही," पाळकसाहेब म्हणाले. "हा ट्रॅक्टर आहे. पेढे कुठं आहेत?"